गच्चीतून चंद्राचे फोटो: आयएसओ १०० वर मऊ, ८०० वर धारदार. असं उलटं का?

गच्चीकर
नमस्कार मंडळी,
दुर्बीण सहा इंची डॉबसोनियन, म्हणजे बिनमोटरच्या साध्या बैठकीवरची (आरसा १५० मिमी, फोकल लेंथ १२०० मिमी, म्हणजे एफ/८). कॅमेरा जुना कॅनन, क्रॉप सेन्सर, १८ मेगापिक्सेल. या दुर्बिणीला कॅमेरा थेट लावला तर फोकसर पार आत ढकलूनही फोकस येत नाही, म्हणून मध्ये २एक्स बार्लो (फोकल लेंथ दुप्पट करणारं भिंग) लावतो. त्यामुळे प्रत्यक्षात २४०० मिमी आणि एफ/१६ (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी).

काल शुद्ध अष्टमी, आकाश स्वच्छ, वारा नाही. अंदाजपंचे काही करायचं नाही असं ठरवून एकेक सेटिंग बदलत गेलो आणि प्रत्येकाचे चार-पाच फोटो घेतले. सगळे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स डेलाइट. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून लावला, मग लाइव्ह व्ह्यू बंद केला आणि दोन सेकंदांच्या टायमरवर शटर. आयएसओ (कॅमेरा उजेडाचा सिग्नल किती वाढवतो तो आकडा) वाढवला तेवढाच शटरचा वेळ कमी केला, म्हणजे फोटोचा उजळपणा सगळ्यांत सारखाच राहील:

आयएसओ १००, शटर १/८ सेकंद : मऊ. अल्बाटेग्नियस विवराच्या मधला डोंगर नुसता डाग.
आयएसओ २००, १/१५ : सगळ्यात वाईट. कडा दुहेरी.
आयएसओ ४००, १/३० : चालेल.
आयएसओ ८००, १/६० : धारदार! थोडे दाणे.
आयएसओ १६००, १/१२५ : धार ८०० इतकीच, दाणे जास्त.

जो तो सांगतो आयएसओ कमीत कमी ठेवा. मग माझ्याकडे हे उलटं का? आणि २०० वरचा फोटो १०० पेक्षाही वाईट कसा?

सातारी_कंदी
पहिला! प्रश्न डोक्यावरून गेला तरी वाचनखूण साठवली आहे. फोटो मात्र एकही दिसत नाहीये.

गच्चीकर
@सातारी_कंदी, ड्राइव्हची परवानगी उघडली, आता बघा.

सातारी_कंदी
दिसले. दुसरा बघताना वाटलं माझाच चष्मा राहिला लावायचा.

निमिष_ब
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आयएसओ वाढवून कुठलाच फोटो धारदार होत नसतो. तुमचा फोकस मधेच हलला असेल, नाहीतर आरसे नीट जुळवलेले नसतील. मी चंद्र कायम १०० वर काढतो. समुद्रांमधले (म्हणजे चंद्रावरच्या गडद मैदानांमधले) राखाडी उतार काय सुंदर येतात! ४०० च्या वर गेलं की तिथे दाणे येतात, मग लोक नॉइज रिडक्शन फिरवतात आणि त्यात उरलासुरला तपशीलही पुसला जातो.

धूमकेतू
निमिष, फोटो धारदार झाला तो शटरमुळे. आयएसओ नुसता सोबत वाढला. गच्चीकरांच्याच आकड्यांवरून हिशोब मांडतो.

तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २४०० मिमीला एका पिक्सेलमध्ये आकाशाचा ०.३७ आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडा येतो. डॉबला मोटर नाही, म्हणजे दुर्बीण स्थिर आणि चंद्र सरकतोय, सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद. तर

१/८ ला चंद्र सरकला १.९ आर्कसेकंद = ५ पिक्सेल
१/१५ ला १ आर्कसेकंद = पावणेतीन पिक्सेल
१/३० ला अर्धा आर्कसेकंद = सव्वा-दीड पिक्सेल
१/६० ला पाव आर्कसेकंद = एका पिक्सेलपेक्षा कमी

१५० मिमीच्या आरशाची सूक्ष्मातलं सूक्ष्म वेगळं दाखवायची मर्यादा पाऊण आर्कसेकंदाच्या आसपास. १/८ ला नुसत्या सरकण्यानेच त्याच्या अडीचपट खराबी झाली. १/६० ला ते सरकणं हिशोबातून गेलं, म्हणून तिथे फोटो एकदम सुधारला. १/१२५ ला आणखी फायदा दिसला नाही, कारण त्यापुढची मर्यादा आरसा आणि हवा ठरवतात. तुमचा तक्ता अगदी असाच यायला हवा होता.

फक्त १/१५ चं कोडं यातून सुटत नाही. हिशोबाने तो १/८ पेक्षा बरा हवा.

सातारी_कंदी
म्हणजे चंद्र पळतोय आणि निमिषभाऊ त्याला उभं राहून पोज द्यायला सांगतायत. ह. घ्या.

अवलोकिता
१/१५ चा फोटो पूर्ण मोठा करून बघितला. डोंगराला दोन कडा आहेत आणि मधे बारीक फट. चंद्र सरकल्यामुळे जी पुसट येते ती पूर्व-पश्चिम असते, म्हणजे उजेड-अंधाराच्या सीमेला साधारण काटकोनात. तुमच्या १/८ च्या फोटोत ती तशीच आहे. १/१५ मधली दुहेरी कड मात्र त्या सीमेच्या बाजूने, वर-खाली आहे. हा चंद्राचा प्रताप नाही, कॅमेऱ्याच्या आरशाचा आहे. डीएसएलआरचा आरसा वर आपटला की पुढचा क्षणभर सगळं थरथरतं. १/८ ला त्या थरथरीनंतरही बराच वेळ शटर उघडं असतं, त्यामुळे ती थोडी झाकली जाते. १/१२५ ला थरथर फारशी पकडलीच जात नाही. मधल्या वेगांना, १/४ ते १/३० च्या दरम्यान, ती नेमकी सापडते.

दोन सेकंदांचा टायमर लावला होता म्हणालात, पण नुसत्या टायमरने फक्त बोटाचा धक्का जातो. आरसा शेवटच्या क्षणीच उचलला जातो. कॅननमध्ये मिरर लॉकअप चालू करून मग टायमर लावला की आरसा आधी उचलला जातो आणि दोन सेकंदांनी शटर उघडतं. त्याहून सोपं म्हणजे लाइव्ह व्ह्यू बंदच करू नका. आरसा आधीच वर असतो, आणि सायलेंट शूटिंग असेल तर शटरचा पहिला पडदाही इलेक्ट्रॉनिक असतो, म्हणजे त्याचाही धक्का नाही.

धूमकेतू
@अवलोकिता, दंडवत. दुहेरी कडेची दिशा बघायचं सुचलंच नाही.

पंचांगवाले_अण्णा
मी कॅमेरावाला नाही, पण तिथीचं थोडं सांगतो. एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्रातलं १२ अंशांचं अंतर. अष्टमी ८४ अंशांना लागते आणि ९६ ला संपते, म्हणजे बरोबर अर्धा चंद्र तिच्या मधोमध. चंद्रावरची सकाळ रोज साधारण १२ अंश पश्चिमेला सरकते, म्हणून कुठल्या तिथीला काय बघायचं ते ठरवता येतं. शुद्ध षष्ठीला थिओफिलस विवर. अष्टमीला अ‍ॅपेनाइन पर्वतरांग आणि अल्बाटेग्नियस. नवमीला प्लेटो विवर आणि ती सरळ भिंत नावाचा कडा, सुमारे ११० किलोमीटर लांब. दशमीला कोपर्निकस, द्वादशीला अ‍ॅरिस्टार्कस, ही दोन्ही विवरं. पौर्णिमेला सूर्य समोरून असल्यामुळे सावल्या नाहीत, डोंगर सपाट दिसतात.

दुसरं, महिना बघा. फाल्गुन-चैत्रातला अर्धा चंद्र आपल्याकडे संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असतो. नवरात्रातल्या अष्टमीचा दक्षिणेला कलतो, पुण्यातून जेमतेम पंचेचाळीस अंशांवर येतो. त्याचा उजेड जास्त हवेतून येतो, फोटो तितका वाईट. म्हणजे गच्चीकर, सध्याचे दिवस तुमचेच आहेत.

गच्चीकर
अण्णा, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. वहीत उतरवून घेतलं. डोक्यावरच्या चंद्राचा त्रास एकच, डॉब तिथे धड वळत नाही. अवलोकिताताई, धूमकेतू, धन्स. दशमीला लाइव्ह व्ह्यूवर परत करून बघतो.

मीनल_के
कॅमेरा नसणाऱ्यांनी काय करायचं? मी २५ मिमीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइलचा क्लॅम्प लावते. दुर्बीण सहा इंचीच. प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, अर्ध्या चंद्राला १/२५० ते १/५००, पौर्णिमेला १/१००० च्याही पुढे. ऑटोवर ठेवलं की फोन आजूबाजूचा अंधार बघून चंद्राचं पिठूळ पांढरं करतो. फोकस लांब दाबून लॉक करायचा आणि इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा, म्हणजे फोन हलत नाही.

निमिष_ब
मोबाइलने काढलेला चंद्र हा चंद्राचा फोटो असतो का हाच वेगळा धागा होईल. २०२३ मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र ठेवला आणि एका नामांकित फोनच्या झूमने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात नसलेली विवरं भरून दिली होती!

मीनल_के
ते फोनच्या स्वतःच्या झूमबद्दल होतं आणि चंद्र ओळखणाऱ्या मोडबद्दल. मी दुर्बिणीतून प्रो मोडवर रॉ काढते. माझ्या फोटोत अंधाराच्या सीमेवर रोज वेगळी सावली असते, ती फोनला कुठून माहीत?

खवट_म्हातारा
दोघेही बरोबर. पुढे चला.

ओट्यावरची_ताई
धागा जरा भरकटवते. सहा इंची दुर्बिणीतून चंद्रावरचा झेंडा दिसतो का? माझा मुलगा रोज विचारतो, आणि शेजारच्या काकांनी त्याला दिसतो म्हणून सांगितलंय.

धूमकेतू
शेजारच्या काकांना आमच्याकडून नमस्कार. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. पाऊण आर्कसेकंद म्हणजे तिथे जवळपास दीड किलोमीटर. त्याहून लहान काही असेल तर सहा इंचीला ते वेगळं दाखवता येत नाही. अपोलोच्या यानाचा खाली राहिलेला भाग पायांसकट नऊ-दहा मीटरचा. पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून तो दिसत नाही. ते फोटो चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने २००९ पासून काढलेत.

मुलाला विक्रमची जागा दाखवा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते सुमारे ६९ अंश दक्षिणेला. अर्ध्या चंद्राचं खालचं टोक बघा, तिथे विवरांची नुसती गर्दी आहे, त्यांत मॅन्झिनस नावाचं शंभरेक किलोमीटरचं विवर आहे. जागा त्याच्या शेजारी. यान दिसणार नाही, पण बोट कुठे ठेवायचं ते कळेल. आणि डॉबमधून सगळं उलटं दिसतं, म्हणून आयपीसमध्ये ते टोक वर शोधा.

ओट्यावरची_ताई
हे तर झेंड्यापेक्षा भारी झालं. आज रात्रीच दाखवते.

जर्सीवाली_सून
इकडे न्यूजर्सीत हिवाळ्यात जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) बरेचदा डोक्यावरून जातो. आकाश काचेसारखं स्वच्छ आणि चंद्र सतत थरथरतोय. सेटिंग काहीही ठेवा. स्वच्छ आकाश आणि स्थिर हवा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे कळेपर्यंत मी लेन्सलाच दोष देत होते. पुण्यात असताना उलट पाहिलंय, किंचित धुरकट रात्री चंद्र कसा खिळलेला असायचा!

गच्चीकर, एक विचारू? दुर्बीण स्लॅबवरच ठेवता ना? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि दुर्बीण नेमकी त्या हवेतून बघते. चंद्राच्या कडेला उकळी फुटल्यासारखं दिसत असेल तर तेच. माहेरी आम्ही मागच्या अंगणात गवतावर मांडायचो. एवढ्यानेही फरक पडतो.

गच्चीकर
हो, स्लॅबच. आमच्याकडे अंगण म्हणजे पार्किंग. स्लॅबवर पाणी मारून बघू का?

जर्सीवाली_सून
मारा, पण संध्याकाळी लवकर, म्हणजे रात्रीपर्यंत वाळेल. आरसाही किमान अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. घरातल्या गरम आरशावर हवेचा थर हलत राहतो.

खवट_म्हातारा
उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारलं म्हणून सोसायटीचे चेअरमन नोटीस लावतील, तेव्हा हा धागा पुरावा म्हणून दाखवा.

निमिष_ब
मूळ मुद्द्यावर येतो. आकाश सरकण्याचा हिशोब मान्य, पण मग माझे १०० वरचे फोटो धारदार का? माझी ८० मिमीची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, एफ/६, बार्लो नाही, ट्रॅकिंगवाल्या माउंटवर (आकाशाबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर).

धूमकेतू
उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. अर्ध्या चंद्राला १०० वर शटर किती ठेवता?

निमिष_ब
१/६०. कधी १/८०.

धूमकेतू
बरोबर. गच्चीकरांना १/६० हवं असेल तर ८०० लावावा लागतो. एफ/६ आणि एफ/१६ मध्ये उजेडाचा फरक सातपट, म्हणजे जवळपास तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून आयएसओ आठपट. दोघांचं शटर एकच आहे! तुम्हाला ते १०० वर मिळतं कारण दुर्बीण वेगवान आहे. शिवाय तुमच्या माउंटला मोटर आहे, त्यामुळे १/८ नेही फारसं बिघडणार नाही. तुमचा चंद्र सेन्सरवर ४ मिमीचा येतो आणि त्यांचा २२ मिमीचा, हाही फरक लक्षात घ्या.

निमिष_ब
हं. पण दाण्यांचं काय? १०० वर सेन्सरला आठपट उजेड मिळतो, हे भौतिकशास्त्र आहे.

अवलोकिता
अगदी मान्य. आयएसओचं बटण स्वतः दाणे बनवत नाही, उजेड कमी पडला म्हणून ते दिसतात. पण चंद्र आहे तिथेच आहे, एकाच फोटोवर कशाला थांबायचं? १६ फोटो एकावर एक रचले की दाणे चौथाई होतात, ६४ रचले की आठवा भाग. पुसट झालेला फोटो मात्र कितीही रचा, पुसटच राहतो. म्हणून मी आधी शटर ठरवते, मग आयएसओ जिथे जाईल तिथे जाऊ देते. फक्त एक पथ्य पाळते, चंद्राचा उजळ काठ पांढरा फटक होऊ द्यायचा नाही. कॅमेरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दाखवतो तो जेपेगचा असतो, तरी उजवीकडे थोडी जागा सोडते. अंधाराच्या सीमेकडचा भाग काळपट वाटतो, तो रॉमधून वर उचलता येतो. पांढरं झालेलं परत येत नाही.

वांगणीवाला
आज धागा बघितला, एवढं सगळं होऊन गेलं! पौर्णिमेसाठी जुना ठोकताळा: एफ/११, आयएसओ १००, शटर १/१००. चंद्र म्हणजे भर दुपारच्या उन्हातला गडद दगड. अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. फसवणूक अर्ध्या चंद्राला होते. निम्मा दिसतोय तर निम्मा उजेड असेल असं वाटतं, प्रत्यक्षात सगळा मिळून पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच असतो, कारण सूर्य तिरका आणि प्रत्येक खड्ड्याच्या पोटात सावली. म्हणून अर्ध्या चंद्राला दोन ते अडीच स्टॉप वाढवायचे आणि बारीक कोरीला तीन-साडेतीन. गच्चीकरांचं एफ/१६ ला १/८ यात अगदी चपखल बसतं.

वांगणीला शिबिरांत मुलं कॅमेरे घेऊन येतात तेव्हा आधी एवढंच सांगतो की बाबांनो, ऑटो बंद करा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

सातारी_कंदी
आज संकष्टी... नाही, अजून पौर्णिमाच व्हायची आहे. पण मला संकष्टीच्या चंद्राचा फोटो काढायचाय. आई उपास सोडायला थांबलेली असते आणि चंद्र समोरच्या टॉवरमागे अडकलेला असतो. त्याची सेटिंग सांगा.

पंचांगवाले_अण्णा
टॉवरला सेटिंग नाही बाळा. पंचांगातला चंद्रोदय मोकळ्या क्षितिजाचा असतो. टॉवर वीस अंश उंच दिसत असेल तर पुढे दीड तास धरून चाला, तोवर आईला राजगिऱ्याचे लाडू द्या.

वांगणीवाला
चंद्र वर आला की कृष्ण चतुर्थीही मजेची असते. मावळतीची सीमा पूर्वेकडून आत यायला लागलेली असते, क्रिसियमचा समुद्र अंधारात बुडत असतो. शुक्ल पक्षात सकाळच्या उन्हात बघितलेली विवरं वद्य पक्षात उलट्या सावल्यांनी बघायला मिळतात, आणि वद्य पक्षात जागणारे कमी, म्हणून तसे फोटोही कमी. पहिल्यांदा उजेड पौर्णिमेपेक्षा एखादा स्टॉप जास्त द्या, मग हिस्टोग्राम बघा.

गच्चीकर
मंडळी, दशमीचा निकाल.

लाइव्ह व्ह्यू चालू ठेवून, सायलेंट शूटिंगवर. अष्टमीपेक्षा उजेड जवळपास दुप्पट, त्यामुळे आयएसओ ४०० ला १/६० मिळालं. कोपर्निकस सीमेच्या थोडा आत होता, भिंतीच्या आतल्या पायऱ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट आणि मधले डोंगर सुटे सुटे. आयएसओ २००, १/३० ही या वेळी चक्क चांगला आला, दुहेरी कड गायब. म्हणजे आरशाचं निदान पक्कं. आयएसओ १००, १/१५ मात्र पूर्व-पश्चिम पुसटच, धूमकेतूंच्या हिशोबाप्रमाणे.

एक भलतंच सापडलं. मधेच काही फोटो सगळ्याच सेटिंगवर खराब. वेळा लावून बघितल्या तर सोसायटीची पाण्याची मोटर चालू होती तेवढाच वेळ! गच्चीवर टाकी, टाकीचा पाइप स्लॅबला चिकटलेला, आणि दुर्बीण त्याच्यापासून चार पावलांवर. मोटर बंद झाली की फोटो नीट. आता डॉबच्या तीन पायांखाली जुन्या स्लिपरांचे रबरी तुकडे ठेवलेत आणि टाकीपासून लांबच्या कोपऱ्यात मांडतो.

सातारी_कंदी
नासाचे लोकसुद्धा मोटर बंद करून घेतात म्हणे. (मीच म्हणतोय.)

अवलोकिता
झकास! आता रॉऐवजी व्हिडिओ करून बघा. लाइव्ह व्ह्यू पाचपट मोठा करून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा, मिनिटभर. डॉबमधून चंद्र सरकत राहील, सरकू द्या. पीआयपीपी त्याला जागेवर आणतं, ऑटोस्टॅकर्ट सगळ्यात स्थिर १०-२० टक्के फ्रेम निवडून रचतं, रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट वापरून धार आणायची. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट.

खवट_म्हातारा
आणि वेव्हलेटचा पहिला सरकता बघितला की लोक तो शेवटपर्यंत ओढतात. विवरांच्या कडांना पांढऱ्या रेघा, समुद्रावर जाळी. पन्नास टक्क्यांवर ओढून चहा पिऊन या, परत बघा, मग तीसवर आणा.

जर्सीवाली_सून
+१. माझ्या जुन्या फोटोंतला चंद्र प्लॅस्टिकचा वाटतो, वेव्हलेटमुळेच.

मीनल_के
यावर माझा उलटा अनुभव. खूप स्टॅकिंग केलं असेल तर शार्प जास्त सहन होतं. एकाच फ्रेमवर मारलं तर लगेच फाटतं. सरसकट तीस टक्के म्हणणं बरोबर नाही.

खवट_म्हातारा
@मीनल_के, बरं, चाळीस.

कोजागरीचं_दूध
रच्याकने, रंगीत चंद्राचे फोटो दिसतात, निळे-तांबूस, ते खोटे असतात का? पौर्णिमेला काही काढण्यासारखं नसतं असं वर वाचलं म्हणून विचारतेय.

वांगणीवाला
खोटे नसतात, ताणलेले असतात. चंद्राला अगदी फिका रंग आहेच. ट्रँक्विलिटॅटिसच्या समुद्रात टायटॅनियम जास्त, तो निळसर. शेजारचा सेरेनिटॅटिस तांबूस. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) एकदम न वाढवता थोडं थोडं अनेकदा वाढवत गेलं की हे दिसायला लागतं. त्याला पौर्णिमाच उत्तम, सावल्या मधे येत नाहीत. रॉ हवा, बरेच फोटो रचलेले हवेत, आणि चंद्र उंच हवा, नाहीतर आपल्या हवेचाच पिवळा रंग घ्याल. कोजागरीला दूध आटेपर्यंत चंद्र पुरेसा वर येतो.

निमिष_ब
आणि ग्रहण? ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रासला मी ट्रॅकिंगवर एफ/६, आयएसओ ८००, एक सेकंद ठेवलं होतं. ढगांच्या फटीतून मोजके फोटो मिळाले, पण तांबडा रंग छान आला. खग्रास स्थिती ८२ मिनिटं होती, त्यातली बरीचशी ढगांनी खाल्ली.

धूमकेतू
म्हणजे निमिष १०० सोडून ८०० वर गेले होते! धाग्यात नोंद असावी.

निमिष_ब
ग्रहणाला चालतं. :)

गच्चीकर
बिनमोटरच्या डॉबवर ग्रहण जमेल का?

धूमकेतू
बार्लोसकट नाही. एक सेकंदात १५ आर्कसेकंद, म्हणजे तुमचे ४० पिक्सेल. खग्रास असताना डॉब सरळ घरच्यांना बघायला द्या आणि कॅमेऱ्याला २०० मिमीची लेन्स लावून ट्रायपॉडवर काढा. तिथे पिक्सेलमध्ये साडेचार आर्कसेकंद मावतात, पाव सेकंदाला काही बिघडत नाही, आयएसओ १६०० ते ३२००.

आणि बार्लो काढायचाच असेल तर दुसरा मार्ग म्हणजे मुख्य आरसा लांब स्क्रू लावून दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवणं. मग एफ/८ वर थेट फोकस येईल आणि चंद्र ११ मिमीचा, आख्खा एका फ्रेममध्ये. पण आधी फोकसर आत ढकलून नेमकी किती कमतरता आहे ते मोजा. नळीला हात एकदाच लावा.

गच्चीकर
मोजतो. अर्धा चंद्र बार्लोसकटही मावतो पण, कॅमेरा फिरवून लांब बाजू सीमेच्या रेषेत आणली तर. चंद्र जवळ असेल तेव्हाच टोकं कापली जातात.

ओट्यावरची_ताई
सगळ्यांचे आभार, विक्रमची जागा दाखवून झाली. आता चिरंजीवांना फोटो काढायचाय. दुर्बीण वाढदिवसाला आलेली छोटी आहे, ५० मिमीची, ६०० फोकल लेंथ, आणि माझा मोबाइल. काय सेटिंग ठेवू?

मीनल_के
ताई, सगळ्यात मोठ्या आकड्याचा आयपीस लावा, २० मिमीचा असेल तो. आधी नुसत्या डोळ्यांनी फोकस करा. क्लॅम्प नसेल तर फोन आयपीसवर टेकवून रबरबँडने बांधा, कॅमेऱ्याची भिंग नेमकी मधोमध. प्रो मोड, आयएसओ १००, फोकस अनंतावर. अर्ध्या चंद्राला १/२०० पासून सुरुवात करा, काठ पांढरा झाला तर १/४००, अंधार वाटला तर १/१००. टायमर तीन सेकंदांचा. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, म्हणून त्याला फ्रेमच्या एका कडेला ठेवा आणि मधे येईपर्यंत मुलाला बटण दाबू देऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे. आणि दिवसा ती दुर्बीण कपाटात, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. सूर्याकडे वळवली तर डोळा जाईल.